आपल्यासाठी कुणी देवाला हाक मारली तर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या महिन्यात एका गुरुभगिनीने ग्रुपवर विचारलं होतं की, आपल्याहून वेगळ्या रीतीने केलेली प्रार्थना देवाला पोचते का? चार-पाच जणांनी हात जोडलेले स्टिकर टाकले, एका दादांनी "सगळे मार्ग एकच" असं लिहिलं, तेवढ्यात कुणाच्या तरी बारशाचे फोटो आले आणि विषय मागे पडला. आम्हाला मात्र तो प्रश्न सोडेना. कारण त्याच प्रश्नापायी आमच्या घरात एक माणूस दुखावलं गेलं होतं, आणि ते आमच्याच तोंडून. म्हणून ह्या वेळी सेवेचा वृत्तांत बाजूला ठेवून हे लिहितो आहोत. जरा लांबलंय, दोन बैठकांत वाचलंत तरी चालेल.

गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत कळ आली आणि रातोरात नागपूरला न्यावं लागलं, हे आपल्याला ठाऊक आहेच. पैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत ह्यांचा हात आमच्या हातात गार पडत चालला होता. पुढे ऑपरेशन झालं, नऊ दिवसांनी घरी आलो. त्या नऊ दिवसांत आपल्या सगळ्यांचा केवढा आधार झाला! कुणी जप केला, कुणी पारायणाला बसलं, कुणी फक्त मेसेज टाकला. घरी आल्यावर एकदा निवांत बसून ते मेसेज वर सरकवत वाचले. नुसते 'गॉड ब्लेस' लिहिलेलेच त्रेसष्ट निघाले. फुलं, निरांजनं, सूर्योदय आणि खाली 'गॉड ब्लेस'. आम्ही एकेकाला धन्यवाद लिहिले. एकही सोडला नाही.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी अक्का कामावर आली. अक्का म्हणजे आमच्याकडे बारा वर्षं धुणंभांडी करते ती. गोंड समाजातली, माहेर इंद्रवेल्लीच्या बाजूचं. काम आटोपून, खिडकीतला तिचा कप घेऊन ती नेहमीसारखी मागच्या पायरीवर चहाला बसली आणि म्हणाली, "बाई, सारूसाठी पेनला कोंबडं दिलं. गावी जाऊन दिलं."

गोंडीत देवाला पेन म्हणतात. सारू म्हणजे आमचे हे. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे अख्ख्या गल्लीचे ते सारूच आहेत.

आमच्या अंगावर काटा आला. वीस वर्षांपूर्वी अनुग्रह घेतला तेव्हापासून ह्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. ह्यांच्या जिवासाठी एका मुक्या जिवाचा गळा कापला गेला ही कल्पनाच सहन होईना. आम्ही म्हणालो, "अक्का, आमच्या नावावर असलं पाप पुन्हा करू नकोस. ह्यांना बरं केलं ते आमच्या महाराजांनी."

ती काही बोलली नाही. कप विसळला, खिडकीत ठेवला आणि गेली. त्यानंतरही रोज आली, एक खाडा केला नाही. पण रोज दारात पाऊल टाकताना "सारू कसे हायेत?" म्हणून विचारायची, ते तिने बंद केलं.

ह्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. रात्री गोळ्या घेताना एवढंच म्हणाले, "तिला किती पैसे पडले असतील, विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. गावरान कोंबडं आज पाच-सहाशेच्या खाली मिळत नाही. वर बसभाडं, वर चार घरच्या कामाचा बुडालेला दिवस.

आता थोडं लांबचं सांगायचं आहे, पण ते ह्याच गोष्टीशी येऊन मिळतं. आमची लेक जर्मनीत लाइपझिगला असते. नातू नऊ वर्षांचा आहे. त्यांना शाळेत तिथल्या जुन्या देवांच्या गोष्टी शिकवत होते. येशूचा धर्म पोचण्याआधीचे देव म्हणजे वोडान, ज्याला उत्तरेकडे ओडिन म्हणतात, हातोडा घेतलेला गडगडाटाचा देव थोर, ज्याला जर्मन डोनार म्हणत, फ्रिया देवी. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवाने विचारलं, "आजी, ते लोक बाप्पाला काय म्हणायचे? आपल्यासारखे हात जोडायचे का?"

आम्हाला काय ठाऊक! पण नातवाने विचारलेलं टाळता येत नाही. आमचं बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय होतं, त्या वेळचं थोडंफार डोक्यात शिल्लक होतं. लेकीने तिकडून वाचून सांगितलं, आम्ही इकडे जुना कोश काढला. दुपारच्या झोपेच्या वेळात दोन-तीन आठवडे हाच उद्योग चालला.

पहिलाच धक्का बसला तो 'गॉड' ह्या शब्दाने. हा शब्द बायबलातून आला असेल असं आम्ही जन्मभर समजत होतो. तो त्याहून जुना, तिथल्या मूळच्या लोकांचा आहे. त्यांच्या त्या जुन्या देवांनाच हा शब्द होता. भाषेचे जाणकार त्याचं मूळ दोन प्रकारे सांगतात. काहींच्या मते तो आपल्या संस्कृतातल्या 'ह्वे' धातूचा भाऊ, म्हणजे हाक मारणं. ज्यावरून आपलं आह्वान झालं. काहींच्या मते तो 'हु' धातूच्या कुळातला, म्हणजे ओतणं, अर्पण करणं. ज्यावरून आपला होम आणि आहुती. म्हणजे गॉड हा एकतर 'ज्याला हाक मारली तो' किंवा 'ज्याच्यासाठी ओतलं तो'. दोन्हींतलं कुठलंही खरं धरा, त्या शब्दात देव कसा दिसतो, कुठे राहतो, काय निर्माण करतो ह्यातलं काही नाही. माणसाने काय केलं तेवढंच आहे. प्रार्थना आधी आणि देवाचं नाव तिच्यावरून! आमची दुपारची झोप तिथेच उडाली.

दुसरा धक्का 'ब्लेस'चा. हा इंग्रजी शब्द कोशकार 'ब्लड'शी जोडतात. ब्लड म्हणजे रक्त. वेदीवर बळी दिल्यावर ते रक्त शिंपडून किंवा लावून जागा, वस्तू, माणूस पवित्र करायचं, तो मूळ अर्थ. पुढे त्या बेटावर ख्रिस्ती धर्म आला, लॅटिनमधल्या आशीर्वादाच्या शब्दासाठी जवळचा शब्द हवा होता, तेव्हा त्यांनी हाच घेतला. रक्त गेलं, शब्द राहिला.

आता ते त्रेसष्ट मेसेज पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ज्याच्यासाठी ओतलं तो, रक्ताने शिंपून पवित्र करो! हे सूर्योदयाच्या चित्राखाली, निरांजनाशेजारी, शुद्ध शाकाहारी ग्रुपवर. आणि आम्ही सगळ्यांना धन्यवाद लिहिले. जिने तेच खरोखरीचं केलं, तिला पाप म्हणालो.

कुणी म्हणेल, शब्दाचं मूळ काय होतं त्याला काय करायचं, आज अर्थ चांगला आहे ना. बरोबर आहे. आपणही श्रीफळ फोडतो, कोहळा कापतो, त्याला कुंकू लावतो आणि त्यामागे कशाची आठवण आहे हे विचारत नाही. पण मग शब्दाला जेवढी सूट दिली तेवढी माणसाला का दिली नाही, एवढंच आमचं म्हणणं.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून राहिलंच. हात जोडायचे का? त्या लोकांनी स्वतः फारसं लिहून ठेवलं नाही. जे आहे ते बाहेरच्यांनी लिहिलेलं, नाहीतर धर्म बदलल्यानंतर त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी लिहिलेलं. टॅसिटस नावाच्या रोमन लेखकाने इसवी सन 98च्या सुमाराला जर्मन टोळ्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की हे लोक देवाला भिंतींत कोंडत नाहीत, त्याला माणसाचा चेहरा देत नाहीत, राईलाच देवस्थान मानतात. एका टोळीच्या देवराईत तर स्वतःला बांधून घेतल्याशिवाय कुणी शिरायचं नाही. आत कुणी पडलाच तर उठून उभं राहायचं नाही, जमिनीवर लोळतच बाहेर यायचं. इथला मालक तू, हे अंगानेच सांगायचं. आपल्याकडचा लोटांगणाचा नवस आठवला.

त्यांची मागण्याची रीत इब्न फदलान ह्या बगदादच्या माणसाने पाहून लिहिली आहे. 922 साली व्होल्गा नदीकाठी त्याला उत्तरेकडून आलेले रूस व्यापारी भेटले. होडी काठाला लागली की व्यापारी भाकरी, मांस, कांदा, दूध आणि दारू घेऊन उतरायचा. काठावर माणसाचं तोंड कोरलेला एक उंच खांब असायचा, त्याच्यापुढे लोटांगण घालायचा, माझ्याबरोबर अमुक इतका माल आहे म्हणून मोजून सांगायचा आणि मागायचा की मला भरपूर पैसेवालं, घासाघीस न करणारं गिऱ्हाईक पाठव. विक्री झाली नाही तर पुन्हा काहीतरी घेऊन हजर! हे वाचून आम्ही हसलो. आमच्या कापसाच्या बाजारातले शेठ आणि हा माणूस ह्यांत काय फरक?

फरक होता तो पुढच्या ओळीत समजला. त्याने मोजून सांगितलेल्या मालात कातड्यांबरोबर गुलाम मुलीही होत्या. त्यांना चांगलं गिऱ्हाईक मिळावं म्हणून तो देवापुढे लोळत होता.

आमच्या मते प्रार्थनेचा कस इथे लागतो. हात जोडले की लोळण घेतली, नारळ दिला की दूध, मंत्र संस्कृत होता की गोंडी, हे सगळं नंतरचं. काय मागितलं, कुणासाठी मागितलं, आणि त्याची किंमत कोण मोजतंय? त्या व्यापाऱ्याच्या प्रार्थनेची किंमत त्या मुली मोजत होत्या. अक्काने मागितलं ते परक्या घरच्या माणसासाठी, मोजलं ते स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून. कोंबड्यानेही मोजलं, ते आम्ही विसरत नाही. तो भाग आजही आम्हाला पटलेला नाही आणि महाराजांच्या पायाशी बसून जे शिकलो ते सोडायचं नाही. पण एक गोष्ट चुकीची आहे म्हणून तिच्यातलं सगळंच चुकीचं होत नाही, हे कळायला आम्हाला पन्नाशी उलटावी लागली.

त्या जुन्या जर्मन लोकांना उगाच साधुसंत करायला नको, तेही सांगून टाकतो. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या देवळाबद्दल ब्रेमेनच्या आदाम नावाच्या धर्मगुरूने अकराव्या शतकात लिहिलंय, की दर नऊ वर्षांनी मोठा उत्सव व्हायचा आणि बळी दिलेले प्राणीच काय, माणसंही राईतल्या झाडांना टांगलेली असायची. तो स्वतः तिथे गेला नव्हता, ऐकलेलं लिहिलं, म्हणून त्यावर वाद आहेत. पण सगळंच खोटं असेल असंही नाही.

आता मर्सेबुर्ग. हे गाव लाइपझिगजवळच आहे. तिथल्या कॅथेड्रलच्या ग्रंथसंग्रहात 1841 साली एका संशोधकाला लॅटिन प्रार्थनांच्या जुन्या हस्तलिखितात एका कोऱ्या राहिलेल्या पानावर दोन छोटे मंत्र लिहिलेले सापडले. अक्षर दहाव्या शतकातलं. म्हणजे कुणीतरी ख्रिस्ती मठात बसून, प्रार्थनेच्याच पुस्तकात, जुन्या देवांचे मंत्र उतरवून ठेवले! दुसऱ्या मंत्रात गोष्ट आहे: देव घोड्यांवरून रानात निघाले, एका घोड्याचा पाय मुरगळला, देवींनी एकेक करून मंत्र म्हटला, शेवटी वोडानने म्हटला. आणि मग हाडाला हाड, रक्ताला रक्त, सांध्याला सांधा जुळावा अशी आज्ञा. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात बाराव्या सूक्तात रोहिणी वनस्पतीला उद्देशून जवळजवळ हीच मागणी आहे, मज्जेला मज्जा, कातडीला कातडी. एकोणिसाव्या शतकातच जर्मन पंडितांनी हे ताडून पाहिलं होतं.

ह्या मंत्रात 'दे' असं कुठेच म्हटलेलं नाही. देवाने पूर्वी कुणाला तरी बरं केलं ती गोष्ट सांगितली, की तसंच इथेही व्हावं. आम्हाला एकदम आपल्या श्रावणातल्या कहाण्या आठवल्या. आजी शुक्रवारची कहाणी सांगायची आणि शेवटी, त्या गोष्टीतल्या बाईला देवी जशी पावली तशी सगळ्यांना पावावी, असं म्हणून आमच्या हातातल्या अक्षता घ्यायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पोथी वाचतो तेही तेच. गोष्ट सांगणं हीच प्रार्थना.

गुरुवारवरून आठवलं. इंग्रजांचा थर्सडे म्हणजे थोरचा दिवस, जर्मनांचा डोनर्सटाग म्हणजे डोनारचा. रोमन लोकांचा तो ज्युपिटरचा, ज्युपिटरचा ग्रह म्हणजे आपला बृहस्पती, देवांचा गुरू. म्हणजे दर आठवड्याला आपण आरतीला जमतो तो दिवस तिकडे हातोडेवाल्याच्या नावाने चालतो. नातवाला हे फार आवडलं. आता तो गुरुवारी फोनवर "आजी, थोरची आरती झाली का?" म्हणून विचारतो. (ह्यावर कुणी रागावू नये, लेकरू आहे.)

वार तेवढे राहिले, बाकी झाडं गेली. 723च्या आसपास बोनिफेस नावाच्या धर्मगुरूने गाइसमार इथला डोनारचा पवित्र ओक वृक्ष कुऱ्हाडीने तोडला आणि त्याच लाकडाचं प्रार्थनामंदिर बांधलं, असं त्याच्या चरित्रात आहे. देवाने वीज टाकली नाही हे पाहून लोक नव्या धर्मात आले म्हणतात. सॅक्सन लोकांना बाप्तिस्मा देताना एक शपथ घ्यावी लागायची, त्याचा जुना कागद उपलब्ध आहे. त्यात थुनार, वोडेन आणि साक्सनोट ह्यांना नाव घेऊन टाकून द्यावं लागे. काल ज्याच्यापुढे लेकराच्या तापासाठी दूध ठेवलं, त्याचं नाव घेऊन म्हणायचं की तू माझा कुणी नाहीस. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा आम्ही फोन कानाला धरून मागच्या पायरीकडे बघत बसलो होतो. आमच्या हातात कुऱ्हाड नव्हती. नऊ-दहा शब्द होते.

"आमच्या महाराजांनी बरं केलं." ह्या वाक्यातही खोट होतीच म्हणा. नागपूरच्या त्या नऊ रात्रींत आम्ही काय केलं होतं? बाकावर बसून महाराजांना सांगितलं, ह्यांना घरी न्या, ह्यांच्या वजनाइतका गूळ वाटू, अकरा गुरुवार निर्जळ करू. त्याआधी वीस वर्षं आम्हीच नव्या भगिनींना सांगत आलो आहोत की देवाशी सौदा करू नये, निष्काम असावं. मरणाच्या दारात निष्काम वगैरे सगळं बाजूला राहिलं. गूळ आणि कोंबडं ह्यांत जिवाचा फरक आहे, मोठा फरक आहे, पण 'हे घे आणि ते दे' ह्या बोलीत फरक नाही.

मग सौद्यालाच प्रार्थना म्हणू नये का? ह्यावर आमच्या घरात बराच वाद झाला. ह्यांचं म्हणणं, नवस म्हणजे देवाला लाच. आम्हाला आता तसं वाटत नाही. लाच परक्याला देतात. घरात देणंघेणं असतं त्याला कुणी लाच म्हणत नाही. शेजारीण वाटीभर साखर नेते आणि परत करताना त्यात चार लाडू घालून आणते, रिकामी वाटी देत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाबद्दल हेच सांगितलंय, माणसांनी देवांना पोसावं, देवांनी माणसांना. आणि पसायदान बघा. रोज म्हणतो आपण, पण त्याची सुरुवात काय आहे? ज्ञानेश्वर माउलींनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी केली, तो वाणीचा यज्ञ देवापुढे ठेवला आणि ह्यावर संतुष्ट होऊन मला प्रसाद द्या म्हणून मागणं मांडलं. आधी दिलं, मग मागितलं. रीत तीच आहे जी व्होल्गाकाठच्या व्यापाऱ्याची. माउली कुठल्या उंचीला गेले ते त्यांनी जे मागितलं त्यात, कारण मागितलं ते सगळ्यांसाठी, दुष्टांसाठीसुद्धा.

आपल्या भागाचं एक सांगतो, ते फार जणांना ठाऊक नसेल. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमनडॉर्फ हा व्हिएन्नात 1909 साली जन्मलेला, जर्मन मातृभाषेचा संशोधक. 1940 साली जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले, त्यानंतर निजाम सरकारसाठी ह्या भागातल्या गोंडांचा अभ्यास करायला तो आला आणि बायकोसह मारलावाईत झोपडीत राहिला. वोडान आणि डोनारच्या मुलखातला हा माणूस, ज्याच्या पूर्वजांच्या राया कधीच तुटल्या, तो इथे येऊन पेनच्या कथा ऐकत बसला. राज गोंडांच्या पुराणकथा आणि विधींवरचं त्याचं पुस्तक 1948ला निघालं. गोंडांच्या कुळाचा मोठा देव म्हणजे पर्सा पेन. त्याची मूर्ती नाही. लोखंडी भाल्याचं टोक आणि चवरी, एवढंच, तेही वस्तीपासून दूर रानात जपून ठेवलेलं. कटोडा पूजा करतो आणि परधान किंग्री वाजवत त्या कुळाची जन्मकथा गातो. इथेही गोष्ट सांगणं हीच प्रार्थना. त्याच्या पत्नी बेटी 1987 साली वारल्या, त्यांची समाधी मारलावाईतच आहे. आम्ही आदिलाबादच्या, चाळीस वर्षं इथल्या. कधी एक कथा बसून ऐकली नाही.

म्हणून ह्या वर्षी पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाच्या जातरेला गेलो. तसे पूर्वीही गेलो होतो, पण ते दुकानं बघायला, घागरी-चाळण्या घ्यायला. मेसराम कुळाची माणसं जन्नारमच्या बाजूला गोदावरीवरच्या हस्तिनमडुगूपर्यंत अनवाणी चालत जातात आणि पाणी आणतात, त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. येताना-जाताना मुक्काम झाडाखाली. कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांना त्या रात्री देवापुढे नेतात, त्याला भेटिंग म्हणतात. पांढऱ्या साड्यांतल्या त्या पोरी डोक्यावरून पदर घेऊन ओळीने निघाल्या होत्या. देवाला ही कोण, कुठल्या घरची, ते कळायला हवं ना! आपण देवाला अंतर्यामी म्हणतो आणि ओळख करून द्यायचं राहूनच जातं.

घरी आल्यावर अक्काला म्हटलं, चुकलं आमचं. ती म्हणाली, "असू द्या बाई." ते 'असू द्या' कसलं होतं ते नीट कळलं नाही. कोंबड्याचे पैसे देऊ केले, ते मात्र तिने घेतले नाहीत. म्हणाली, पैसे घेतले तर दिलेलं खोटं होतं.

मग चहा देताना विचारलं, "अक्का, पेनला म्हणालीस तरी काय?"

"काय म्हणनार? पेन सारूला वळखत नाही न. म्हनून आधी सांगितलं, आदिलाबादले बस स्टँडच्या मागं घर हाये, दारात जांभळाचं झाड हाये, पोरांले शिकवत होते. मंग सांगितलं, त्या घरी मले बारा साल चहा भेटते. मानूस बरा कर."

चहा संपला. तिने कप विसळला आणि खिडकीत, आमच्या कपबशांपासून लांब, बारा वर्षं तो असतो तिथे पालथा घातला. आम्ही तिथेच उभ्या होतो.

महाराजांना ह्यातलं काही विचारायचा अजून धीर झालेला नाही. त्या रात्री तो कप आम्ही आतल्या मांडणीत, ह्यांच्या कपाशेजारी ठेवला. सकाळी अक्का आली, काम उरकलं, खिडकीत चाचपून पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाली, "बाई, माझा कप फुटला का?"

— एक सेवेकरी भगिनी, आदिलाबाद केंद्र